वयाचा रकाना

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी कॉम्प्युटरवर टेबल उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. माझ्या आधी इथे जो मुलगा होता त्याने सगळे रकाने टेक्स्ट ठेवलेत. गेटचा पास दिल्याची तारीखसुद्धा. कुठे ५-६-१९, कुठे नुसतं 'जून', एकीच्या नावापुढे 'दिवाळी झाल्यावर'.

मार्केट यार्डात कांदा-बटाटा निवडणाऱ्या सगळ्या बायका या एका टेबलात आहेत. आईसुद्धा. आधी तिचीच ओळ शोधली. नाव बरोबर, फोन पप्पांचा, पत्ता अर्धा.

भावे सर बँकेतून रिटायर झालेत. या बायकांच्या संघटनेचं हे ऑफिस तेच बघतात, पगार घेत नाहीत आणि ते कोणाला विसरूही देत नाहीत. म्हणाले, "गेटवर कार्डाचं मशीन बसतंय. कागदी पास बंद. महिनाअखेरपर्यंत गेटच्या ऑफिसला फाइल हवी. जिची ओळ पूर्ण, तिचं कार्ड. जिची अपूर्ण, तिने बाहेरून कांद्याचा वास घ्यावा."

एकही ओळ अपूर्ण ठेवायची नाही. घरात पहिली पदवी माझी, आणि तिचं करायचं काय हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. आज वाटलं, हेच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घोळ घातला. नावाच्या रकान्याला फील्ड साइझ वीस अक्षरांचं दिलं. नीटनेटकं दिसावं म्हणून. सॉफ्टवेअरने विचारलं, काही माहिती कापली जाईल, चालेल का? मी 'हो' म्हटलं. वाचलंच नाही नीट. बायकांची आडनावं गेली. नवऱ्यांची नावं अर्धी राहिली. मूळ फाइलची प्रत ठेवली होती म्हणून वाचले.

दुपारनंतर टेबल सजवलं. एक ओळ पांढरी, एक फिकी हिरवी. रकान्यांना मराठी मथळे. नावाचा रकाना गोठवून ठेवला, म्हणजे कितीही उजवीकडे सरकलं तरी बाई कोण ते दिसत राहतं.

भा. सर मागे येऊन उभे राहिले. "रांगोळी काढून झाली असेल तर माहिती भरू या का?"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वयाचा रकाना.

आईच्या गाळ्यावरच्या कोंडामावशीचं वय पंचेचाळीस. तिच्या मुलाचं, शंकरदादाचं, वय माझ्या माहितीप्रमाणे तेवढंच असेल. जुन्या कागदी पासांचा गठ्ठा काढला. गेल्या वर्षी पंचेचाळीस. त्याच्या आधी पंचेचाळीस. मी शाळेत होते तेव्हाही पंचेचाळीस.

सगळ्यांचंच असं. पास दरवर्षी नवा करतात आणि लिहिणारा मागच्या वर्षीचा पास समोर ठेवून तसाच उतरवून काढतो. नाव, पत्ता, वय. आईला विचारलं तर हसली. "मुकादम ईचारायचा, काय बदललं का? आम्ही म्हणायचो, काय बी न्हाई."

कॉलेजात मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, वय कधी टेबलात ठेवायचं नसतं. ते उद्या खोटं होतं. जन्मतारीख ठेवायची, वय त्यावरून काढायचं.

वयाचा रकाना काढून टाकला. जन्मतारखेचा नवा केला. प्रकार तारीख, रिक्वायर्ड 'हो'. आता ती भरल्याशिवाय ओळ सेव्हच होणार नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

आधार कार्डांच्या झेरॉक्स आल्या. बहुतेकींची जन्मतारीख १ जानेवारी. जणू सगळं मार्केट यार्ड एकाच दिवशी जन्माला आलं. आधारच्या शिबिरात बसलेल्या मुलाने चेहरा बघून साल टाकलं असणार.

कोंडामावशीच्या कार्डावरून तिचं वय पंचावन्न येतं. म्हणजे शंकरदादा झाला तेव्हा मावशी दहा वर्षांची. उलटं रजियाचाचीचं. चाची आईच्या शेजारच्या गाळ्यावर लसूण निवडते, अजून गोणी एकटी ओढते. कार्डावर त्रेसष्ट.

भा. सर : "कार्डावरचं टाक आणि मोकळी हो."

मी : "पण सर, ते खरं नाहीये."

"सरकारी आहे. खऱ्यापेक्षा टिकाऊ."

मला नाही पटलं. इतकी वर्षं यांच्याबद्दल कोणीतरी काहीतरी अंदाजाने लिहीत आलं. एकदा तरी कोणीतरी विचारून लिहायला हवं. सरांना तसं म्हणाले. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "विचार. पण कांद्याची आवक जोरात आहे, तुझ्यासाठी कोणी हात थांबवणार नाही."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पहाटे आईबरोबर गेटमधून आत गेले. गाळ्यावर कितीतरी वर्षांनी. लहानपणी याच गाळ्याच्या मागे गोणपाटावर झोपायचे मी. आईचे हात कामात, म्हणून उचलायची, पाजायची, धुवायची ती कोंडामावशीच. आज मला बघून तिने शेजारची पाटी पालथी घातली. "बस. मोठी मॅडम झालीस, तरी बसायला पाटीच हाय."

तारीख कोणालाच माहीत नाही. पण प्रत्येकीकडे काहीतरी आहे. जन्माच्या वर्षी कोणाची बहीण गेली, कोणाचा भाऊ विहीर खणताना. मी ते जोडत गेले. कामाचा वेग कमी न करता बायका बोलत होत्या, नासका कांदा एका बाजूला, चांगला दुसऱ्या.

रजियाचाची : "बेटा, बहात्तरच्या दुष्काळात मी पाळण्यात होते. अम्मी खडी फोडायला जायची, पाळणा बाभळीला टांगून." मग ओढणीत हसत म्हणाली, "शिबिरात माझ्या केसांनी घात केला. मेंदी लावून गेले असते तर दहा वर्षं वाचली असती."

म्हणजे चाची त्रेपन्नची.

कोंडामावशी सगळ्यात शेवटी बोलली. "पानशेतचं धरण फुटलं तवा आईच्या कडंवर होते मी. नदीकाठी ऱ्हायचो. आई मला घिऊन पर्वतीकडं पळाली, चुलीवरची भाकर तव्यातच ऱ्हायली. मरंस्तवर ती भाकर सांगायची. मी न्हाई, भाकर." आणि सगळ्या हसल्या.

मीही हसले. आणि मनात हिशेब केला. धरण एकसष्टला फुटलं, म्हणजे जन्म साठ साल. पासष्ट वर्षं.

इतका आनंद झाला होता मला. तारीख हाती लागल्याचा.

रविवार, १६ नोव्हेंबर

सगळं भरून झालं. ज्यांना फक्त साल माहीत, त्यांना १ जून. शाळेतले मास्तर तेच करायचे म्हणे. व्हॅलिडेशन रूल लावला, जन्म आजच्या आधीचाच हवा. सॉफ्टवेअरने विचारलं, आधीची माहिती नव्या नियमाला तपासून बघू का? हो. एकही ओळ नियमाबाहेर नाही.

गेटच्या ऑफिसच्या पत्रात खाली एक ओळ होती, 'साठ वर्षांवरील नावे वेगळ्या रंगात दर्शवावीत.' ज्येष्ठांना काहीतरी सवलत असेल, किंवा डोळ्यांची तपासणी वगैरे. साठच्या पुढे वय गेलं की ओळ आपोआप लाल होईल असं फॉर्मॅटिंग केलं. मावशीची ओळ लाल झाली, आणखीही काही झाल्या. चाचीची हिरव्या-पांढऱ्यातच राहिली.

फार सुंदर दिसतंय टेबल. आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिला तिचं नाव वाचता येतं. त्यावर बोट ठेवून बसली होती.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भा. सरांनी समोरच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली आणि ऑफिसच्या बाहेर फळ्यावर लावली. चुका असतील तर बायकांनी सांगाव्यात म्हणून.

संध्याकाळी काम सुटल्यावर सगळ्या आल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रंग दिसत होता. "लाल कोन?" "लाल म्हंजे काय?"

मी उत्साहाने सांगायला गेले की ज्येष्ठ म्हणून काहीतरी—

तेवढ्यात एकीने तिचा जुना कागदी पास उलटा करून माझ्यासमोर धरला. तिच्या मुलीने वाचून दाखवलं होतं म्हणे. मागच्या बाजूला बारीक छापलंय. साठ वर्षांनंतर पास देण्यात येणार नाही.

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नियम जुनाच आहे. इथे कोणाचं वय वाढतच नव्हतं, त्यामुळे मागची बाजू बघायची वेळ आली नाही." त्यांनाही रंगाचा अर्थ आत्ताच कळत होता, चेहऱ्यावरून दिसलं. प्रिंट त्यांनी स्वतः फळ्यावरून उतरवली. पण तोवर सगळ्यांनी बघितली होती.

कोंडामावशी फळ्यापाशी नव्हती. पायरीवर बसली होती. मी जवळ गेले.

"वैशे, मी तुला सांगितलं हुतं. मशीनला न्हाई."

एवढंच. मग पदर झटकून उठली आणि आईसाठीही न थांबता गेली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आई बोलत नाही. भाकरी टाकली, ताट सरकवलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मावशी कामावर आली नाही. कागदी पास महिनाअखेरपर्यंत चालतो, तरी आली नाही. आई म्हणाली, मांजरी गावाला गेली शंकरकडे. आई आज पहिल्यांदा बोलली ते हे.

मी म्हटलं, "आई, मला माहीत नव्हतं."

"ते ठाव हाय मला. आता काय करनारेस?"

"आधार कार्डावरचं साल टाकलं तर मावशी पंचावन्नची होते. गेटचं कार्ड निघेल."

"मग टाक की."

"मग रजियाचाची त्रेसष्टची होते. ती बाहेर."

आई थांबली. कणीक तशीच हाताला. "चाचीचं खरं टाक. मावशीचं कार्डावरचं. जिला जे सोयीचं ते. कोन बघतंय?"

"रकान्याला नियम एकच असतो. एकीला एक, दुसरीला दुसरं, असं मी माझ्या मनाने करायला लागले तर उद्या माझ्यानंतर येणारा त्याच्या मनाने करेल."

"उद्याचं उद्या. मावशीनं तुला आंघोळी घातल्यात."

आईचं चुकत नाहीये. माझंही चुकत नाहीये असं मला वाटतं, पण ते मोठ्याने म्हणायची हिंमत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दिवसभर तोच रकाना. कार्डावरची तारीख टाकून बघितली. मावशी हिरवी, चाची लाल. सांगितलेली टाकून बघितली. चाची पांढरी, मावशी लाल. पुन्हा कार्डावरची.

कोणीतरी बाहेर राहणारच, हे ठरवणारी मी कोण?

चाची स्वतः आली होती ऑफिसात. उभीच राहिली. म्हणाली, "बेटा, कोंडा मांजरीला बसली आहे माझ्यामुळे, असं बायका बोलतात. माझ्यामुळे काय? मी तर खरं सांगितलं." मग दारापाशी जाऊन, "तिने पण खरंच सांगितलं."

आधार कार्डावरचं वय दुरुस्त करायला जन्माचा दाखला लागतो. चाचीकडे तो नाही. बाभळीचा दाखला कोण देणार.

शनिवार, २२ नोव्हेंबर

यार्डाला सुट्टी. मांजरीला गेले. आईला सांगून गेले, आली नाही. पण निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी दिली मावशीसाठी.

शंकरदादा नव्या सोसायटीत वॉचमन आहे. खाली पार्किंगच्या टोकाला खोली. त्याची बायको, दोन मुली, आणि आता मावशी. पलीकडे अजून ऊस उभा आहे, अलीकडे सगळे मजले. मावशी बाहेर दादाच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होती. वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी दिला होता सोलायला.

"आलीस व्हय. बस." पण खुर्ची एकच होती. मी जमिनीवर बसले आणि लसूण हातात घेतला.

मग तिनेच सुरू केलं.

"शंकर चांगला हाय. सूनबी बरी. पर खोलीत पाय ठिवायला जागा हाय, पसरायला न्हाई. त्या दोघी पोरींचा अभ्यास असतो, मी खोकले तर बघत्यात."

"मावशी, मी मुद्दाम—"

"मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते. झिंज्या धरल्या असत्या तुज्या."

मी विचारलं, "आता काय लिहू?"

तिने सोललेली पाकळी टाकली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "वैशे, तू ईचारलंस, किती साल? मी सांगितलं. पर कशापायी ईचारतीस ते तू सांगितलं न्हाईस."

मला तेव्हा माहीतच नव्हतं, हे तिला सांगायला गेले आणि अर्ध्यात थांबले. कारण माहीत नव्हतं तर विचारलं कशाला? माहिती पूर्ण व्हावी म्हणून. कोणाची माहिती, कोणासाठी पूर्ण?

"घरी बसून काय करू मी?" ती म्हणाली. "भिंती निवडू?"

परतीच्या बसमध्ये हाताला लसणाचा वास. अजून येतोय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी टेबल डिझाइनमध्ये उघडलं. जन्मतारखेचा रकाना. रिक्वायर्ड 'हो' होतं, ते 'नाही' केलं.

मग सांगितलेल्या सगळ्या तारखा त्या टेबलातून काढल्या. आधी वाटलं रकाना लपवावा, म्हणजे दिसणार नाही. पण लपवलेला रकाना कोणीही उजवं क्लिक करून परत दाखवू शकतो. म्हणून वेगळी फाइल केली, ती या ऑफिसातच राहील. गेटच्या फाइलमध्ये तारखेचा रकाना सगळ्यांचाच रिकामा. आईचासुद्धा. लाल रंगाचा नियम पुसला.

आता प्रत्येकीला परत विचारणार. आधी हे सांगून, की ही तारीख कुठे जाणार आहे आणि तिचं काय करतील. मग ती म्हणेल ते. कार्डावरची लिही म्हणाली तर कार्डावरची. खरी लिही म्हणाली तर खरी. लिहू नको म्हणाली तर रिकामं. नियम एकच राहतो, तिचं तिने ठरवायचं.

भा. सरांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"रिकामे रकाने घेऊन गेटचं ऑफिस काय करेल, ते ठाऊक आहे ना? फाइल परत येईल."

"सोबत पत्र देऊ सर. साठच्या नियमावर बोलायला वेळ मागू. काम करता येतंय की नाही हे बघा, साल बघू नका, असं."

"पत्र लिही. मी सही करतो. उत्तर येईल. उत्तर 'नाही' असेल. पण येईल." मग जाता जाता, "आणि ते हिरवे पट्टे राहू दे. बरे दिसतात."

बुधवार, २६ नोव्हेंबर

गाळ्यांवर दोन दिवस. या वेळी मी आधी बोलले, मग त्या. काहीजणी रागावल्या, "तवाच नीट सांगायचं हुतंस." खरं आहे. बऱ्याचजणींनी कार्डावरची लिही म्हटलं, त्यांना त्यात धोका नाही. आईनेही तेच. तरुण मुली म्हणाल्या, आमचं काय, काहीही लिही.

ज्या लाल झाल्या होत्या त्यांनी रिकामं ठेवायला सांगितलं.

रजियाचाचीला मी विचारलं, "खरी लिहू? तुमचं तर खऱ्यात भलं आहे."

"आणि ते आधार कार्ड मागतील तेव्हा?"

"मागतील."

तिने हातातल्या पाकळ्या निवडून पाटीत टाकल्या. "कोंडाने काय सांगितलं?"

"त्या अजून आल्या नाहीत."

"मग माझी पण राहू दे. ती येईपर्यंत."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फाइल आज पाठवायची होती. दुपारी मावशी आली. आईबरोबर. आई मला न सांगता मांजरीला जाऊन आली होती, काम बुडवून.

मावशी बाकावर बसली नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "दाव. माजं कुठं हाय?"

तिची ओळ दाखवली. नाव पूर्ण आहे आता, कापलेलं नाही. पत्ता. फोन शंकरदादाचा. मग रिकामी जागा.

"हितं काय हुतं?"

"तारीख. काढली मी."

"आन हे असं मोकळं ठिवता येतं?"

"आधी येत नव्हतं. मीच सक्ती लावली होती. आता येतं."

तिने बोट त्या रिकाम्या चौकोनावर ठेवलं. स्क्रीनला ठसा उमटला. "कार्डावरचं टाकलं तर मी आत?"

"हो."

"आन रजिया भाईर."

"त्यांची रिकामीच आहे, मावशी. तुम्ही काय सांगता ते बघून ठरवणार म्हणाल्या."

"येडी हाय ती." मग आईकडे वळून, "येडी हाय का न्हाई गं?"

मावशी म्हणाली, "पानशेतचं खरं हाय. ते माज्या आईचं हाय. ते पुसू नगंस. तुज्यापाशी ठिव. त्यास्नी देऊ नगंस."

"आणि या रकान्यात?"

तिने कमरेची पिशवी सोडली. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागदी पास काढला, माझ्यासमोर उलटा ठेवला, मागची बाजू वर. पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. मग परत सुलटा करून आत ठेवला.

"ऱ्हाऊ दे मोकळं."

सव्वापाचला फाइल पाठवली. पत्रासोबत. सरांची सही, त्याखाली माझी.

रविवार, ३० नोव्हेंबर

गेटच्या ऑफिसचा मेल आला. काही नोंदींमध्ये जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे. सदर नोंदींची कार्डे तूर्त थांबविण्यात येत आहेत. सोमवारी सकाळी समक्ष येऊन खुलासा करावा. पत्राबद्दल एक अक्षर नाही.

सरांना फोन केला. "समक्ष म्हटलंय ना? मग समक्ष. मी टाय लावून येतो, बँकेतला. बघू, घाबरतात का."

आईला मेल वाचून दाखवला. "समक्ष म्हंजे कोनी?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग सगळ्यांनी," आई म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर गेली. जिन्यातून तिचा आवाज येत होता, एकीनंतर एक. रजियाचाची पहाटे गेटवर येणार. लाल झालेल्या काही येणार, काही नाही. एकीचा मुलगा नको म्हणतो. मावशीचा फोन शंकरदादाने उचलला. म्हणाला, सांगतो आईला. पुढे काही कळलं नाही.

आईने उद्याचं पीठ जास्त मळलंय.

मी खुलासा लिहायला बसलेय. 'महोदय, सदर रकाने चुकून रिकामे राहिलेले नसून' इथपर्यंत झालं. पुढचं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कारणं भरपूर आहेत, त्यातलं त्यांना कळेल असं कोणतं, तेच शोधतेय.